वालचंद हिराचंद : सोलापूरचा कंत्राटदार आणि तापलेल्या इंजिनांचा कारखाना

सोलापुरात वालचंद हे नाव रोज कुणाच्या तरी तोंडी असतं. कुणी वालचंद कॉलेजात शिकलेलं असतं, कुणाचा मुलगा वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इंजिनिअर होत असतो. पण ज्यांचं हे नाव, ते वालचंद हिराचंद दोशी स्वतः इंजिनिअर नव्हते. तरीही जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनाव्यात म्हणून त्यांनी आयुष्य खर्ची घातलं. यातल्या विमान आणि मोटारीच्या मुळाशी एकच अवघड प्रश्न होता : इंजिनात जाळलेल्या इंधनाची उष्णता कामाला लावायची, पण त्याच उष्णतेने इंजिन जळू द्यायचं नाही.

रुळांपासून सुरुवात

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती जैन कुटुंबात झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. मुंबई-पुण्यात थोडं शिक्षण झाल्यावर ते त्या धंद्यात आले, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम बार्शी लाइट रेल्वेचं होतं. अनुभव फाटकांचा आणि भांडवल वालचंद यांचं, अशी ही जोडी होती.

पुढे कामं मोठी होत गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू झाली आणि तिने बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले. त्याआधी १९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. तिचं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. आज हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी भाडं पाडून स्पर्धा केली, तरी वालचंद मागे हटले नाहीत.

विमानात झालेली ओळख

१९३९ मध्ये ते अमेरिकेत होते. मोटारींचा कारखाना काढायचा, हा विचार घेऊन ते डेट्रॉइटला गेले होते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कारखान्यासाठी बराच आग्रह धरला होता. पण युद्ध सुरू झालं आणि भारत सरकारने मोटार कारखान्याला हातभार लावायला नकार दिला.

परतीच्या प्रवासात पॅसिफिक महासागर ओलांडताना विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. मोटार नाही तर विमान, असं वालचंद यांनी ठरवलं. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवल दिलं. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. पुढच्याच वर्षी तिथे जुळवलेलं हार्लो हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान उडालं.

पण १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेलं आणि युद्ध भारताच्या दाराशी आलं. एप्रिलमध्ये सरकारने वालचंद यांचे समभाग विकत घेतले. सोलापूरच्या माणसाने उभा केलेला कारखाना दीड वर्षाच्या आतच त्यांच्या हातून गेला. नवीन विमानं बनवण्याचं काम मागे पडलं. १९४३ पासून अमेरिकन लष्कराच्या व्यवस्थापनाखाली तिथे मुख्यतः विमानं आणि त्यांची इंजिनं दुरुस्त होऊ लागली.

बंगळूरमध्ये नेमकं काय शिकलं गेलं?

दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत डकोटा आणि कॅटलिना ही मोठी नावं होती. दोन्हींत ट्विन वास्प हे १४ सिलिंडरचं, साधारण १,२०० अश्वशक्तीचं इंजिन असे. त्याला पाणी लागत नसे, सिलिंडरवरच्या पातळ पापुद्र्यांसारख्या फिन्सवरून वाहणारी हवाच ते थंड ठेवी. आणि त्याला सुपरचार्जर होता.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. उंचावर हवा विरळ असते. आसाममधून हिमालयाचे डोंगर ओलांडून चीनला जाणाऱ्या विमानाच्या इंजिनाला हवा कमी पडली, तर ताकदही कमी पडते. सुपरचार्जर ती तूट भरून काढतो.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तसंच. आधीच तापलेलं हे हवा-इंधनाचं मिश्रण सिलिंडरमध्ये पिस्टनकडून आणखी दाबलं जातं. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने दुसरीकडे सरकू लागते. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटलं, तर त्याला डेटोनेशन म्हणतात. गॅरेजमध्ये याच प्रकाराला इंजिन नॉकिंग करतंय असं म्हणतात. दाबाच्या लाटा धातूवर आदळतात. धातूला चिकटून असलेला, त्याचं रक्षण करणारा वायूचा पातळ थर त्या उडवून लावतात आणि सगळी उष्णता थेट पिस्टनमध्ये शिरते. असं सतत चाललं तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

यात एक दुष्टचक्रही आहे. सिलिंडर तापला की डेटोनेशन होतं आणि डेटोनेशन झालं की सिलिंडर आणखी तापतो.

यावर उपाय अनेक बाजूंनी करावे लागतात. पहिला म्हणजे सहज न पेटणारं, जास्त ऑक्टेनचं इंधन. युद्धकाळात विमानांना १०० ऑक्टेनचं पेट्रोल लागे. दुसरा, पूर्ण ताकद लावताना मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणं. जादा पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं. मडक्यातलं पाणी गार होतं, ते याच कारणाने. तिसरा उपाय व्हॉल्व्हमध्ये दडलेला असे. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आतून पोकळ ठेवून त्यात सोडियम भरत. सोडियम साधारण ९८ अंशांना वितळतं. व्हॉल्व्ह वरखाली होताना ते आत हिंदकळतं आणि तापलेल्या टोकाची उष्णता दांडीकडे नेऊन सोडतं.

इंजिन उतरवून खोललं की ही सगळी ठिकाणं तपासावी लागतात. फिन्स तुटलेल्या असतील तर तिथे उष्णता साठते. आत काजळी जमली असेल तर तिचा तापलेला कण ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर तो जळतो. असं काम करणारे कुशल हात बंगळूरच्या त्या कारखान्यात तयार झाले.

शेवटी मोटारही आली

वालचंद यांनी मोटारीचा नाद सोडला नव्हता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जुळवलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला. याच घराण्यातली पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली.

या गाड्यांना सुपरचार्जर नव्हता, तरी उष्णतेपासून सुटका नव्हती. भर उन्हात भरलेली गाडी घाट चढते तेव्हा वेग कमी असतो, रेडिएटरला वारा मिळत नाही आणि इंजिनावर ताण मात्र पूर्ण असतो. ज्या बोरघाटात वालचंद यांच्या कंपनीने बोगदे खोदले, त्याच घाटात गाड्या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहत.

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघात झाला आणि हळूहळू त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या हातून गेलेली विमान कंपनी १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. आज ती लढाऊ विमानं बनवते आणि त्यांच्या इंजिनांची दुरुस्तीही करते.

सोलापूरच्या रस्त्यांवर आता टर्बो पेट्रोल गाड्या सर्रास दिसतात. टर्बो हा सुपरचार्जरचाच भाऊ, फक्त तो धुराच्या जोरावर फिरतो. दाबलेली हवा गार करायला त्यात इंटरकूलर असतो. नॉकिंगची चाहूल लागताच सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलतो. पण मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की कूलंटची पातळी, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि कंपनीने सांगितलेलं पेट्रोल याकडे लक्ष द्यावंच लागतं. यंत्र कितीही हुशार झालं तरी उष्णतेचा हिशेब चुकत नाही. तो हिशेब इथल्या माणसांनी इथेच शिकावा, यासाठी वालचंद हिराचंद यांनी आपला पैसा आणि उमेद दोन्ही पणाला लावली होती.