काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आणि सोलापूरचे वालचंद

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवते? गाडी मूळची इटलीच्या फियाटची, पण बनायची कुर्ल्यात. तो कारखाना उभारला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

त्यांचा जन्म १८८२ चा. सुरुवात केली रेल्वेच्या कंत्राटांपासून. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळात तो सरकारकडे गेला. तोच आजचा एचएएल. मोटारींसाठी इंग्रज सरकारने साथ दिली नाही, तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५१ पासून तिथे फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

१९५३ मध्ये वालचंद गेले. ‘पद्मिनी’ हे नाव ऐकायला ते राहिले नाहीत. २०२३ मध्ये या टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला.