पंडिता रमाबाई : तारणाचा शोध आणि निश्चिती

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ अरण्यात एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याचा आग्रह धरून वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते आई लक्ष्मीबाई यांनी. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करीत राहिले. व्रते, दाने आणि पारायणे यांनी देव प्रसन्न होतो, ही त्या जीवनाची बैठक होती. १८७०च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात, होते नव्हते ते धर्मकृत्यांत खर्चून, आईवडील आणि थोरली बहीण काळाच्या स्वाधीन झाली. मृत्यूपूर्वी वडिलांनी धाकट्या मुलीला ईश्वराच्या हाती सोपविले. १९०७ च्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या प्रसंगाचे स्मरण केले आहे.

१८७८ मध्ये कलकत्त्याने त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले. परंतु पुढील चार वर्षांत बंधू श्रीनिवास आणि पती बिपिनबिहारी मेधावी दोघेही निवर्तले. कन्या मनोरमेसह त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांविषयी मात्र वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारातून दीर्घ वाद चालला. पटल्यावाचून काही स्वीकारावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

१८८९ मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन स्थापन केलेल्या या विदुषीला विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचावयास मिळाले. आपण इतरांना उपदेश करतो, पण आपलेच तारण झालेले नाही, असे या गृहस्थाला दीक्षित धर्मोपदेशक असतानाच जाणवले होते. रमाबाईंना त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त आपल्याला गवसला नाही. धर्ममते तपासून पाहणे हेही एक प्रकारचे पुण्यसंपादनच होते. पापक्षमा ही कमावण्याची गोष्ट नसून देणाऱ्याच्या वचनावर विसंबण्याची आहे, अशी त्यांची धारणा झाली.

या निश्चितीचे मोल त्यांना व्यवहारात द्यावे लागले. शारदा सदनाच्या धार्मिक तटस्थतेविषयी १८९३ मध्ये वादळ उठले; अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टीकाकारांच्या दृष्टीने हा विश्वासभंग होता. रमाबाईंच्या दृष्टीने आपली प्रार्थना लपविणे हाच विश्वासभंग ठरला असता. दोन्ही बाजूंना आपापल्या वचनाची चाड होती, म्हणूनच त्या वादाची सल दीर्घकाळ टिकली.

पुढे जॉर्ज म्युलर, हडसन टेलर आदींची चरित्रे वाचून, केवळ ईश्वरावर भिस्त ठेवून कार्य चालविणे भारतातही शक्य आहे काय, असा प्रश्न त्यांना पडला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगाव येथे उभे राहिलेले 'मुक्ती' हे त्याचे उत्तर होय. ज्या उपासमारीत त्यांच्या आईवडिलांचा देव निरुत्तर राहिला होता, तशाच उपासमारीत त्यांनी आपला नवा विश्वास कसास लावला.

अखेरच्या पर्वात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेल्या, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'मोक्ष' या शब्दाऐवजी 'तारण' हा शब्द रूढ आहे. व्यवहारात तोच शब्द कर्जापोटी ठेवलेल्या हमीच्या वस्तूसाठीही वापरतात. ही हमी ऋणकोने द्यावयाची असते. रमाबाईंच्या श्रद्धेत मात्र ती धनकोनेच दिलेली आहे.