झुंडशाहीला आव्हान देणारी लेखणी

झुंडीने घेतलेल्या बळीला स्वतंत्र संघराज्यीय गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेत होण्यासाठी मार्च २०२२ उजाडावा लागला. अशा आशयाचे पहिले विधेयक तेथील काँग्रेसमध्ये १९०० सालीच मांडण्यात आले होते. या मागणीसाठी हयात वेचणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या निधनाला तोवर ९१ वर्षे उलटली होती.

मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी १६ जुलै १८६२ रोजी एका गुलाम दाम्पत्याच्या पोटी आयडा यांचा जन्म झाला. १८७८ मधील पीतज्वराच्या साथीने आई-वडील आणि तान्हा भाऊ हिरावून नेला. सोळाव्या वर्षी शिक्षिकेची नोकरी पत्करून त्यांनी उरलेल्या भावंडांचा भार उचलला.

पुढे त्या मेम्फिसला आल्या. पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असतानाही रेल्वे कर्मचाऱ्यांनी त्यांना महिलांच्या डब्यातून बळाने बाहेर काढले. गांधीजींना पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर उतरविण्यात आले, त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीची ही घटना. आयडा यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. १८८४ मध्ये त्यांना ५०० डॉलरची भरपाई मंजूर झाली. पण टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८७ मध्ये तो निकाल फिरविला.

मार्च १८९२ मध्ये त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. त्यांचे स्नेही टॉमस मॉस आणि त्यांचे दोन सहकारी मेम्फिसमध्ये किराणा दुकान चालवीत. शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला त्याची झळ बसू लागली होती. तंटा चिघळला, तिघांना अटक झाली आणि जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या संपादिका असलेल्या आयडा यांनी कृष्णवर्णीयांना शहर सोडण्याचे आवाहन केले. अनेकांनी ते मानले.

झुंडबळी म्हणजे बलात्काऱ्यांना मिळालेली शिक्षा, असा समज तेव्हा रूढ होता. आयडा यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून आकडेवारी गोळा केली. ७२८ बळींपैकी जेमतेम एकतृतीयांश जणांवर तसा नुसता आरोप तरी होता, असे त्यातून दिसून आले. मे महिन्यात त्या बाहेरगावी असताना जमावाने ‘फ्री स्पीच’चे कार्यालय उद्ध्वस्त केले. परतल्यास ठार करण्याच्या धमक्या आल्या. त्या न्यूयॉर्कमधून लिहीत राहिल्या. १८९३ व १८९४ मध्ये ब्रिटनचा दौरा करून त्यांनी तेथील जनमत जागविले. ‘द रेड रेकॉर्ड’ ही पुस्तिका १८९५ मध्ये निघाली. त्याच वर्षी वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी विवाह करून त्या शिकागोत स्थायिक झाल्या.

१९१३ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे, असे आयोजकांनी सुचविले. आयडा यांनी ते धुडकावले आणि त्या इलिनॉयच्या तुकडीत सामील झाल्या. २५ मार्च १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

मे २०२० मध्ये पुलित्झर मंडळाने त्यांचा मरणोत्तर विशेष गौरव केला. त्याच महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. ती घटना मोबाईलवर टिपणाऱ्या किशोरवयीन मुलीला २०२१ मध्ये याच मंडळाने गौरविले. अन्यायाची नोंद ठेवणारा साक्षीदार नसेल, तर अन्याय करणाऱ्याचीच कहाणी खरी मानली जाते. आयडा यांनी हे ओळखले होते.