विजेच्या जाळ्याला शिस्त लावणारा रॉबर्ट बॉश

नाशिककर रोज मायको सर्कल ओलांडतात. मात्र या नावामागील जर्मन तंत्रज्ञाची ओळख थोड्यांनाच असते. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या या कंपनीने पुढे सातपूर येथे कारखाना उभारला. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. हे नाव ज्यांचे, त्या रॉबर्ट बॉश यांनी मोटारीतील विजेला विश्वासार्हता मिळवून दिली.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी उल्म शहराजवळील आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतील ते अकरावे. वडिलांची शेती आणि खानावळ होती. उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केल्यानंतर त्यांनी अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये सीमेन्स कंपनीत अनुभव घेतला. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी श्टुटगार्टमध्ये त्यांनी स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली. सोबतीला होते केवळ एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा.

सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची गेली. पडेल ते काम करीत असतानाच १८८७ मध्ये त्यांनी एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारे विद्युत उपकरण, तयार केले. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, ते वेगवान तीनचाकी मोटारीवर यशस्वीपणे बसविण्यात आले. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग विकसित केला. त्यानंतर शर्यतीच्या मोटारींना बॉशच्या ठिणगीविना गत्यंतर उरले नाही. १९१३ मध्ये दिवे व डायनॅमो, १९२७ मध्ये डिझेल पंप अशी भर पडत गेली आणि मोटारीत वायरींचे जाळे विणले जाऊ लागले.

या जाळ्याचा गुंता आजही जुन्या जर्मन स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली पाहावयास मिळतो. वायरींचे रंग उडालेले, कनेक्टर अनोळखी, रेडिएटरचा पंखा बंद आणि इंजिन तापलेले! अशा वेळी, जगभरचे मेकॅनिक ज्याला बॉश रिले म्हणतात, त्या काळ्या चौकोनी डबीच्या तळावरील अंक मदतीला धावतात. ३० म्हणजे बॅटरीचा थेट धन प्रवाह, ८७ म्हणजे पंख्याकडे जाणारी वायर, तर ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. इग्निशनची वायर १५, अर्थिंगची ३१. तापमानाचा स्विच जुळताच कॉइलमधून क्षीण प्रवाह वाहतो, चुंबकत्व निर्माण होऊन ३० आणि ८७ जोडले जातात व पंख्याला भरपूर वीज मिळते. रिले काढून सॉकेटमधील ३० वर टेस्ट लॅम्प लागला नाही तर प्रथम फ्यूज पाहावा. ३० आणि ८७ जाड वायरने क्षणभर जोडल्यावर पंखा फिरला, तर दोष रिले वा स्विचच्या बाजूला असतो. ही क्रमांकपद्धती जर्मन मानकांची. एकट्या बॉश यांची नव्हे. मात्र ती गावोगावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत पोहोचविण्यात त्यांच्या कंपनीच्या सुट्या भागांचा वाटा मोठा आहे.

मालक म्हणून बॉश काळाच्या पुढे होते. १९०६ मध्येच त्यांनी आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला. तरीही १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात मोठा संप झाला आणि ते मालकांच्या संघटनेत सामील झाले. १९२१ मध्ये मुलाच्या निधनाचे दुःखही त्यांनी सोसले.

हिटलरच्या राजवटीत त्यांच्या आयुष्यातील विसंगती तीव्र झाली. त्यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना साह्य केले. राजवटविरोधी कार्ल गेर्डेलर यांना कंपनीत आश्रय मिळाला. त्याच वेळी कारखाने युद्धसामग्री बनवीत होते आणि तेथे सक्तीचे मजूरही राबविले जात होते. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला.

संपत्ती लोकहितासाठी खर्च व्हावी, ही त्यांची इच्छा पुढे न्यासाच्या रूपाने साकारली. आज मूळ कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भागभांडवल रॉबर्ट बॉश न्यासाकडे असून, लाभांशाचा विनियोग आरोग्य, शिक्षण आणि संशोधनासाठी होतो. सातपूरच्या कारखान्यात घडलेल्या नाशिकच्या कामगारांच्या पिढ्या हाही या वारशाचाच एक भाग आहे.