नारायण मेघाजी लोखंडे : निधीशिवाय रविवार मिळाला, पण संघटना का टिकली नाही?

रविवार म्हटला की आपल्या वस्तीत सकाळी विहारात वंदना होते, दुपारी तरुणांची बैठक, संध्याकाळी जयंतीची किंवा मोर्चाची तयारी. आपली बहुतेक चळवळ रविवारी चालते, कारण त्या दिवशी कामावरून सुट्टी असते. ही सुट्टी सरकारने मेहरबानी म्हणून दिलेली नाही, मालकांनीही आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मागून, पुन्हा मागून आणि शेवटी मैदानात एकत्र येऊन मिळवली. त्यांचे पुढारी होते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे.

दरवर्षी १० जूनला त्यांचे नाव समाजमाध्यमांवर फिरते. फोटो, दोन ओळी, अभिवादन, आणि विषय संपतो. आम्हाला वाटते की लोखंडे यांच्या कामातून आजच्या कार्यकर्त्याने शिकण्यासारखे यापेक्षा बरेच आहे. त्यांना काय जमले ते जसे पाहायला हवे, तसे काय उभे राहिले नाही तेही पाहायला हवे.

दीनबंधूचा संपादक

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. जात फुलमाळी, घरची परिस्थिती गरिबीची. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वे टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीत माणसे कशी राबवली जातात हे त्यांनी तिथे रोज डोळ्यांनी पाहिले.

त्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. उजाडले की यंत्र सुरू आणि अंधार पडला की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामाचे तासही वाढत. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, सणाच्या मोजक्या दिवशी गिरणी बंद राही. सुट्टीच्या दिवशीही यंत्रे साफ करायला कामगारांना बोलावले जाई. पगार वेळेवर होत नसे. यंत्रात हात गेला तर तो ज्याचा त्याने सोसायचा. १८८१ साली देशात पहिला कारखाना कायदा आला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता होता. सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवायला त्या कायद्याची हरकत नव्हती. प्रौढ स्त्री-पुरुष कामगारांच्या तासांना तर त्याने हातही लावला नाही.

लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केले होते. पैशांच्या ओढाताणीत ते चालवणे कठीण झाले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवायला घेतले. मुंबईत सत्यशोधक समाजाला कामाठी समाजातल्या तेलुगू भाषक कंत्राटदारांचा मोठा आधार होता. शेतकरी, कारागीर, मजूर यांची बाजू मांडणारे हे पत्र लोखंडे यांच्या हाती आल्यावर गिरणी कामगारांचेही पत्र झाले.

जोतीरावांशी त्यांचे सगळ्याच बाबतीत जमले असे मात्र नाही. 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिले भाग दीनबंधूत छापून आल्यावर लोखंडे यांनी पुढचे भाग छापणे थांबवले. सरकारवरची त्यातली टीका पत्राला भोवेल अशी भीती त्यामागे होती. जोतीराव यावर नाराज झाले. हा प्रसंग झाकून ठेवायचे कारण नाही. पत्र चालवणाऱ्याला जप्तीची आणि खटल्याची धास्ती तेव्हाही होती. मतभेद होऊनही दोघे एकाच चळवळीत राहिले, हे आपल्या गटागटांत विभागलेल्या कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

पाच मागण्या

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंडे यांनी ही संधी सोडली नाही. सप्टेंबर महिन्यात परळ आणि भायखळा भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना याच काळात उभी राहिली.

अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जबर जखम झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागण्या किती साध्या होत्या ते पाहा. गिरणीत उभा राहणारा कोणताही माणूस त्या न शिकता सांगू शकला असता. त्याला रोज काय सोसावे लागते हे विचारूनच त्या लिहिल्या गेल्या असणार. वीस कलमी निवेदने देणाऱ्या आणि त्यातले एकही कलम वस्तीतल्या बाईला समजावून न सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शिकले पाहिजे.

लोखंडे यांना विरोध एका बाजूने नव्हता. गिरणी मालक विरोधात होतेच, पण देशी पुढारी आणि वृत्तपत्रे यांतल्या अनेकांनाही कारखाना कायदा नको होता. लँकेशायरच्या मालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा डाचते, म्हणून कायद्याचा आग्रह आहे, असे ते सांगत. लँकेशायरचा स्वार्थ खोटा नव्हता. पण त्या वादात परळच्या कामगाराची पाठ कोणी पाहत नव्हते. देशाचा उद्योग वाचवायचा तर मजुराने मान खाली घालून राबावे, हे म्हणणे लोखंडे यांनी मानले नाही.

महालक्ष्मीचे मैदान

१८८४ च्या अर्जाने लगेच काही पदरात पडले नाही. त्यानंतर पुन्हा अर्ज झाले, दीनबंधूतून लेखन होत राहिले. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. ध्वनिक्षेपक नव्हता, आणि कामावर न गेल्यास पगार कापला जाण्याची भीती होती. तरीही एवढी माणसे आली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. मुलीला शाळेत पाठवणेही पाप समजणारे लोक होते अशा काळात गिरणीतली बाई दहा हजारांसमोर उभी राहून बोलली. सावित्रीमाईंच्या चळवळीचे हे फळ होते असे आम्ही मानतो.

सभेने आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे पाठवला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी भारत सरकारने नेमलेल्या कारखाना कमिशनमध्ये मुंबईचे स्थानिक प्रतिनिधी म्हणून लोखंडे यांना स्थान मिळाले. १८९१ च्या नव्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती दिली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊ वर्षे केले.

लोखंडे फक्त गिरणीच्या फाटकापुरते काम करणारे नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांकडून करवून घेण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा दोन्ही समाजांच्या कामगारांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत मेळावा घेतला. १८९५ साली त्यांना रावबहादूर किताब मिळाला. पुढच्या वर्षी मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णांच्या सेवेत राहिले, रुग्णालय उभे करण्यासाठी झटले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या.

जे उभे राहिले नाही

आता आमचा मूळ मुद्दा. कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीवरील १८९२ च्या सरकारी अहवालात मिल हँड्स असोसिएशनबद्दल एक कोरडी नोंद आहे. या संघटनेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियम नाहीत. जो कामगार येईल त्याला लोखंडे स्वतः सल्ला देतात, एवढेच तिचे रूप, असा त्या नोंदीचा अर्थ.

साहेबाने ते हिणवण्यासाठी लिहिले असेल असे आपण म्हणू शकतो. पण पुढे घडले ते नोंदीला धरूनच घडले. लोखंडे गेले आणि संघटना त्यांच्याबरोबर गेली. रविवार राहिला, कारण तो कायद्यात उतरला होता. बाकीच्या मागण्यांचा पाठपुरावा करायला मात्र कोणी उरले नाही. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ साली आला आणि वेळेवर पगाराचा कायदा १९३६ साली. १८८४ साली मागितलेल्या गोष्टींसाठी ३९ आणि ५२ वर्षे लागली. दरम्यान किती हात तुटले असतील आणि किती घरे सावकाराकडे गहाण पडली असतील!

यात लोखंडे यांचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. तेव्हा कामगार संघटनेला कायद्याचे संरक्षण नव्हते. तो कायदा १९२६ साली झाला. यादीत नाव आले की नोकरी जाण्याची भीती होती. पण संघटना एका माणसाच्या खांद्यावर उभी असेल तर ती त्या माणसाएवढीच जगते, हे या इतिहासातून दिसते.

लोखंडे यांचा धागा पुढे सत्यशोधकांनीच उचलला. सीताराम केशव बोले हे १९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेचे एक पुढारी होते. याच बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्या ठरावाचा आधार घेऊन बाबासाहेबांनी १९२७ साली महाडचे चवदार तळे गाठले. कामगारांची चळवळ आणि जातिअंताची चळवळ एकमेकींपासून लांब नव्हत्या, हे यावरून कळते.

लोखंडे यांच्या पाच मागण्यांत जातीचा प्रश्न आला नव्हता. तो बाबासाहेबांनी मांडला. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. हा अन्याय बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या काळात उघडपणे पुढे आणला. १९३५ साली त्यांनी मुंबई महापालिकेच्या कामगारांचा संघ उभा केला, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मजूर मंत्री असताना १९४३ साली त्यांनी कामगार संघटनांना मालकाने मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मांडले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. बाबासाहेबांचा भर सुरुवातीपासून संस्थेवर होता, कारण माणूस गेल्यावरही संस्था काम करते.

पावती पुस्तक

आपल्या वस्त्यांतले किती लोक आज कंत्राटी सफाई कामगार आहेत, सुरक्षारक्षक आहेत, घरकाम करतात, दुचाकीवरून जेवण पोहोचवतात! यांच्यातल्या बहुतेकांना लोखंडे यांचा रविवार आजही मिळत नाही. कंत्राटदार पगार लांबवतो आणि अपघात झाला तर जबाबदारी झटकतो. १८८४ ची यादी काढून वाचली तर पाचही मागण्या लागू पडतात.

वर्गणी गोळा करणे आपल्याला नवे नाही. जयंती आली की मुले पावती पुस्तक घेऊन घरोघर जातात, पै पैचा हिशेब ठेवतात आणि फलकावर लावतात. ज्या बाईने पन्नास रुपये दिले ती मिरवणुकीत हक्काने विचारते की पैसे कुठे गेले. हीच पद्धत कामगारांच्या संघटनेत वर्षभर का चालू नये? कोणी जखमी झाला, कोणाला काढून टाकले की आपण धावपळ करून पैसे उभे करतो, मोबाईलवर आवाहन फिरवतो. ते करायलाच हवे. पण ती एका दिवसाची मदत असते. दर महिन्याला दहा रुपये देणारा माणूस सभासद होतो, बैठकीला येतो, हिशेब मागतो आणि पदाधिकारी निवडतो. कामगार संघटनेच्या कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली तेव्हा असंघटित कामगारासाठी किमान वर्गणी वर्षाला तीन रुपये ठरली होती. म्हणजे अडचण रकमेची नाही. दर महिन्याला दारात जाऊन ती मागण्याचे काम कोण करणार, हा प्रश्न आहे.

म्हणून आमची तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या १० जूनला लोखंडे यांच्या फोटोला हार घाला, आणि त्याच दिवशी आपल्या वस्तीत सभासदांची यादी, पावती पुस्तक आणि एका पानाचे नियम या तीन गोष्टी सुरू करा. लोखंडे यांच्या संघटनेकडे नेमक्या याच तीन गोष्टी नव्हत्या.

जय जोती, जय सावित्री, जय भीम!