चिदंबरम सुब्रमण्यम

चिदंबरम सुब्रमण्यम (३० जानेवारी, १९१० – ७ नोव्हेंबर, २०००) हे भारतीय राजकारणी, केंद्रीय मंत्री व महाराष्ट्राचे राज्यपाल होते. भारतातील हरितक्रांतीचे राजकीय शिल्पकार म्हणून ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म कोइंबतूर जिल्ह्यातील पोल्लाचीनजीकच्या एका खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. मद्रासमध्ये शिक्षण घेऊन ते वकील झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना तुरुंगवास घडला. ते संविधान सभेचे सदस्य होते. १९५२ ते १९६२ या काळात ते मद्रास राज्याचे मंत्री होते. शिक्षण खाते त्यांच्याकडे असतानाच कामराज मंत्रिमंडळाने शाळांत मध्यान्ह भोजन योजना सुरू केली.

अन्न व कृषिमंत्री

१९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी त्यांच्याकडे अन्न व कृषी खाते सोपविले. देश तेव्हा अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतील गव्हावर विसंबून होता. १९६५-६६ च्या अवर्षणात धान्योत्पादन सुमारे ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर घसरले. त्यांच्या कारकिर्दीत १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ व कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. त्यामुळे सरकारी खरेदी व शेतमालाच्या किमान भावाला संस्थात्मक आधार मिळाला. खर्च आणि परकीय चलनाच्या कारणावरून झालेला विरोध पत्करून त्यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले.

१९६७ ची निवडणूक

हे पीक उत्तरेकडील शेतांत उभे असतानाच फेब्रुवारी १९६७ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मद्रास राज्यात तांदळाची टंचाई होती आणि हिंदीविरोधी आंदोलनाची धग कायम होती. द्रविड मुन्नेत्र कळघम पक्षाने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन दिले होते. राज्यातील सत्ता काँग्रेसच्या हातून गेली व स्वतः सुब्रमण्यमही लोकसभेची निवडणूक हरले. नव्या सरकारला मात्र रुपयाला एक माप तांदूळ, तोही मोजक्या शहरांतच, देता आला. केंद्रात काँग्रेसच्या जागा ३६१ वरून २८३ पर्यंत घटल्या, तरी सत्ता टिकली. नवे कृषिमंत्री जगजीवन राम यांनी तेच धोरण पुढे चालविले. १९६८ मध्ये गव्हाचे विक्रमी पीक आले. तेव्हा सुब्रमण्यम संसदेतही नव्हते.

उत्तरायुष्य

१९७१ मध्ये ते कृष्णगिरीतून लोकसभेवर परतले. पुढे त्यांनी नियोजन, अर्थ व संरक्षण ही खाती सांभाळली. १९९० ते १९९३ या काळात ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९९८ मध्ये त्यांना भारतरत्न पुरस्कार देण्यात आला. चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.