बिनब्रेकच्या गाडीचा विश्वविजेता



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. फिरंगोजी नरसाळा पहिल्याच दिवशी तिघांनी मागून घेतला, कारण संग्रामदुर्ग आपल्या चाकणचाच. हुतात्मा राजगुरू, सावित्रीबाई, बाबासाहेब हेही वाटून झाले. त्या दिवशी मी गैरहजर होतो. वडिलांच्या हाताचे प्लास्टर काढायचे होते, म्हणून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर माझ्या वाट्याला कोणीच उरले नव्हते. तुला कशाची आवड आहे, असे गुरुजींनी विचारले. मी म्हटलं, मोटारसायकलची. सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी शोधून शोधून मला पीटर क्रेव्हन या इंग्रज स्वाराची माहिती मिळवून दिली. तीच मी येथे माझ्या शब्दांत लिहीत आहे.

मोटारसायकलची आवड आम्हाला असणारच. चाकणला बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना आहे. कोऱ्या गाड्या भरलेले मोठमोठे कंटेनर आपण येता-जाता बघतो. माझे वडील ज्या कंपनीत कामाला आहेत तिथे ब्रेकचे सुटे भाग बनतात. ब्रेकशिवाय गाडी म्हणजे लगामाशिवाय घोडा, असे ते नेहमी सांगतात. त्यामुळे पीटरच्या गाडीला ब्रेकच नव्हता हे ऐकून मला आधी ते खरंच वाटेना.

या शर्यतीला स्पीडवे म्हणतात. आपल्याकडे यात्रेत बैलगाडा पळतो तो घाट सरळ असतो, आणि बारी काही सेकंदांत संपते. स्पीडवेचे मैदान मात्र लांबट गोल असते. त्याचा एक फेरा साधारण ३०० ते ४०० मीटरचा. जमिनीवर मुरमासारखी बारीक भुकटी पसरलेली असते. एका वेळी चार स्वार सुटतात आणि चार फेरे मारतात. सगळे मिळून एक मिनिट किंवा थोडे जास्त, की शर्यत संपली. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला भोपळा!

गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची. ती पेट्रोलवर नाही, मिथेनॉलवर चालते. गिअर बदलायचा नसतो आणि ब्रेक नसतो. ब्रेक का नाही? कारण पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे तिघे त्याच्या अंगावर येतील. मग वळण कसे घेतात? सगळी वळणे डावीकडेच असतात. स्वार डाव्या बुटाखाली लोखंडी तळ बांधतो आणि तो पाय जमिनीला लावतो. मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू देतो आणि पुढचे चाक उलट, म्हणजे उजवीकडे वळवतो. गाडी अशी आडवी घसरत वळण पार करते. पावसात चिखलावरून आपली गाडी घसरली की आपण घाबरतो. हे लोक घसरण्यातच पटाईत असतात. सगळा खेळ तोलाचा.

पीटर क्रेव्हनचा जन्म २१ जून १९३४ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. त्याचा भाऊ ब्रायन हासुद्धा स्पीडवेचा स्वार होता. पीटर अंगाने अगदी लहानखुरा. पहिलवानासारखा धिप्पाड माणूस डोळ्यांपुढे आणू नका. कोवळ्या वयातच तो गावच्या मैदानावर गाडी चालवू लागला. सुरुवातीला तो फार पडे. पडायचे, कपडे झटकायचे आणि पुन्हा गाडीवर बसायचे, असे चालले होते. पण पडता पडता त्याला तोल कळत गेला. पुढे लोक त्याला तोलाचा जादूगार म्हणू लागले.

१९५२ साली तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यू या संघात आला आणि शेवटपर्यंत त्याच संघाचा राहिला. १९५४ साली तो पहिल्यांदा जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. ही अंतिम फेरी त्या काळी लंडनच्या वेम्बली मैदानावर व्हायची. तिथे १६ स्वार असायचे. प्रत्येकाला पाच शर्यती मिळायच्या, आणि त्या अशा आखलेल्या असायच्या की प्रत्येक जण उरलेल्या पंधराही जणांशी एकदा तरी भिडायचा. नशिबाने एखादी शर्यत जिंकता येईल, पाचही नाही.

१९५५ साली याच मैदानावर पीटरने न्यूझीलंडच्या रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज या दोघांना मागे टाकले आणि तो विश्वविजेता झाला. तेव्हा त्याचे वय होते फक्त २१ वर्षे!

मित्रांनो, यानंतर सगळे सोपे झाले असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. न्यूझीलंडचे हे दोघे आणि स्वीडनचा ओव्ह फुंडिन हे एकापेक्षा एक स्वार होते. विश्वविजेतेपद त्यांच्यातच फिरू लागले. १९५७ साली पीटर तिसरा आला. १९६० साली पुन्हा तिसरा. एकदा पहिला नंबर आलेल्या मुलाचा पुढे तिसरा आला की घरचे काय बोलतात ते आपल्याला माहीत आहे. पण पीटरने मैदान सोडले नाही. सात वर्षे थांबून १९६२ साली वेम्बलीला १५ पैकी १४ गुण मिळवून तो पुन्हा विश्वविजेता झाला. ब्रिग्ज दुसरा आणि फुंडिन तिसरा आला. दोनदा विश्वविजेता होणारा तो पहिला इंग्रज स्वार ठरला. ब्रिटनचे अजिंक्यपदही त्याने १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळवले.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहिताना माझा हात थांबला होता.

२० सप्टेंबर १९६३ चा दिवस. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात मेडोबँक मैदानावर बेल व्ह्यू आणि एडिंबराचा सामना होता. या सामन्यावर विश्वविजेतेपद अवलंबून नव्हते. बाराव्या शर्यतीत पीटरच्या पुढे एडिंबराचा जॉर्ज हंटर हा तरुण स्वार होता, म्हणजे विरुद्ध संघाचा. हंटर अचानक पडला. तो पीटरच्या अगदी वाटेत पडला होता. पीटरच्या गाडीला ब्रेक नाही. विचार करायला वेळ नाही. सरळ गेला असता तर गाडी हंटरच्या अंगावरून गेली असती. पीटरने गाडी बाजूला काढली. हंटर वाचला. पीटर मात्र मैदानाच्या कठड्यावर जोराने आदळला. चार दिवस तो इस्पितळात होता. २४ सप्टेंबर १९६३ रोजी त्याचे निधन झाले. वय अवघे २९. मागे पत्नी आणि दोन लहान मुले राहिली. त्याच्या आठवणीसाठी मँचेस्टरला त्याच्या नावाच्या चषकाची शर्यत सुरू झाली.

इथे चरित्र संपले. पण गुरुजी म्हणाले, हा माणूस तुला का आवडला तेही लिही. म्हणून लिहितो.

गेल्या आषाढात माझे वडील रात्रपाळी करून मोटारसायकलवरून घरी येत होते. पाऊस होता. पुढे एका माणसाची गाडी चिखलात घसरली आणि तो रस्त्यात आडवा पडला. वडिलांच्या गाडीला ब्रेक होता, चांगला होता, पण अंतर फार थोडे राहिले होते. त्यांनी गाडी वळवली आणि ते कडेच्या चारीत गेले. त्या माणसाला खरचटलेसुद्धा नाही. वडिलांचा उजवा हात मात्र दोन ठिकाणी मोडला. त्यांची नोकरी कंत्राटी आहे. काम नाही तर पगार नाही. दोन महिने ते घरी बसून होते. मला सायकल घ्यायचे ठरले होते, ते पैसे दवाखान्यात गेले. आजी रोज बडबडायची, की कुणाचा कोण माणूस, त्याच्यासाठी हात मोडून घेतला! खरं सांगतो, मलाही वडिलांचा राग आला होता. मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हतो.

पीटरची गोष्ट लिहून झाल्यावर मी ती रात्री घरी वाचून दाखवली. विश्वविजेतेपदाचे ऐकून वडील नुसते मान हलवत होते. कठड्यावर आदळला तिथे आजीने डोळ्यांना पदर लावला. वाचून झाले तेव्हा वडिलांनी एकच गोष्ट विचारली. तो पडलेला पोरगा पुढे बरा राहिला का? मी सांगितले, हो, हंटर त्यानंतर कितीतरी वर्षे शर्यतीत पळत होता. वडील म्हणाले, मग झालं. आणि ते उठून अंगणात गेले.

त्या दिवसापासून आजी काही बोलत नाही. मीही सायकलचे नाव काढले नाही.

पालकांनो, तुम्ही सगळे गाडीवरून कंपनीत आणि बाजाराला जाता. हेल्मेट घाला आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, ही मुलाची विनंती. मित्रांनो, पीटरची दोन विश्वविजेतेपदे परीक्षेत विचारणार नाहीत, विसरलात तरी चालेल. पण आपल्यापुढे पडलेला माणूस कोणत्या संघाचा आहे हे त्याने पाहिले नाही, तेवढे लक्षात ठेवा.

— इयत्ता सातवी